फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोसाठी नव्या हार्ड डिस्कवर विंडोज एक्सपी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१३ च्या पावसाळ्यातले, कोल्हापूर परिसरातील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीतले आहे. कारखान्याची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. छोट्या उद्योगांच्या संगणकांची देखभाल हे माझे काम असल्याने हे काम माझ्याकडे आणि माझ्या एका तरुण सहकाऱ्याकडे आले.

या फाउंड्रीत ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन्ही प्रकारांचे कास्टिंग होते. भट्टीतला धातू ओतण्यापूर्वी त्यातला थोडासा भाग तांब्याच्या साच्यात ओतून झटकन थंड केला जातो, त्या नमुन्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला जातो आणि तो स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून त्यावर ठिणगी पाडली जाते. ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण काही मिनिटांत कळते आणि मगच केमिस्ट ‘ओता’ म्हणून सांगतो. तोपर्यंत भट्टी वितळलेला धातू धरून ठेवते आणि वीज जळत राहते. त्यामुळे ‘स्पेक्ट्रोचा संगणक बंद पडला’ या वाक्याचा अर्थ कारखान्यात ‘भट्टी थांबली’ असाच होतो.

तो संगणक २००४ साली जुळवलेला होता. त्यात ४० जीबीची, रुंद पट्टीची केबल लागणारी पाटा प्रकारची हार्ड डिस्क होती, सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) असलेली विंडोज एक्सपी होती, स्पेक्ट्रोमीटरकडून येणारे संकेत घेणारे एक पीसीआय कार्ड होते आणि मागच्या पॅरलल पोर्टवर सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल (जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा छोटा प्लग) लावलेला होता. स्पेक्ट्रोचे सॉफ्टवेअर आणि कार्डाचा ड्रायव्हर दोन्ही एक्सपीपुढे गेलेच नव्हते. पुरवठादाराने नवी आवृत्ती देऊ केली होती, परंतु तिच्यासाठी उपकरणाचा इलेक्ट्रॉनिक भागच बदलावा लागणार होता आणि तो खर्च त्या वर्षी मालकांना झेपणारा नव्हता.

अडचण कशी समोर आली

संगणक सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागू लागली होती आणि डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत होता. केमिस्ट ताईंनी तो आवाज ऐकून संगणक लगेच बंद केला आणि आम्हाला बोलावले. या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय तोच होता, कारण मरणाऱ्या डिस्कवर विंडोजचे डिस्क तपासणारे चेकडिस्क चालवणे किंवा ती पुनःपुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेला डेटाही पणाला लावणे असते.

खरी काळजी विंडोजची नव्हती, कॅलिब्रेशनच्या फायलींची होती. उपकरण बसवताना प्रमाणित नमुने वापरून प्रत्येक मूलद्रव्यासाठी जे वक्र तयार केले होते ते याच डिस्कवर होते आणि त्यांची शेवटची सीडी दोन वर्षांपूर्वीची होती. आम्ही डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, लिनक्सच्या सीडीवरून तो सुरू केला आणि डीडीरेस्क्यू या साधनाने डिस्कची सेक्टरनिहाय (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा लहानात लहान कप्पा) प्रतिमा रात्रभर घेतली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारे सेक्टर बाजूला नोंदवून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. सकाळी कॅलिब्रेशनच्या सर्व फायली शाबूत मिळाल्या. न वाचलेले सेक्टर बहुतांशी विंडोजच्या स्वतःच्या फायलींत आणि काही जुन्या निकालांत होते.

मूळ डिस्क आता निरुपयोगी होती आणि तशीच नवी डिस्क बाजारात नव्हती. डीलरकडे पाटा डिस्क संपून बराच काळ लोटला होता. मांडणीवर होत्या त्या सर्व साटा, म्हणजे अरुंद केबलच्या नव्या प्रकारच्या डिस्क, कमीत कमी ५०० जीबीच्या, आणि प्रत्येकीच्या लेबलवर ‘ॲडव्हान्स्ड फॉरमॅट’ असे छापलेले होते. त्या दिवशी या शब्दांकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही.

जुनी प्रणाली आणि नवी डिस्क यांच्यातले अंतर

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत हार्ड डिस्क तीन बाबतींत बदलली आणि तिन्ही बदल या कामात आडवे येऊ शकत होते.

पहिला बदल आकाराचा. जुन्या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत लिहिला जाई, त्यामुळे १३७ जीबीच्या पुढचा भाग दिसतच नसे. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ पासून ४८ बिटांचा क्रमांक कळू लागला, त्यामुळे आमच्या सीडीला ही अडचण नव्हती. याच बाबतीतली दुसरी मर्यादा २.२ टीबीची आहे. एमबीआर या जुन्या पार्टिशन तक्त्यात (डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन कोठे आहेत याच्या नोंदीत) सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, आणि मोठ्या डिस्कसाठी लागणारा जीपीटी तक्ता ३२ बिटांच्या एक्सपीला वाचता येत नाही. म्हणून आम्ही ५०० जीबीचीच डिस्क घेतली.

दुसरा बदल जोडणीचा. साटा कंट्रोलर (बोर्डावरचा डिस्कशी बोलणारा भाग) एएचसीआय या नव्या पद्धतीने चालवला तर त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नसतो. इन्स्टॉलेशनच्या सुरुवातीला एफ६ दाबून तो देता येतो, परंतु सेटअप तो फक्त फ्लॉपीवरून घेतो आणि २०१३ मध्ये चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह शोधणे हेच एक वेगळे काम होते.

तिसरा बदल सेक्टरच्या आकाराचा, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. अनेक दशके हार्ड डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटांचा होता. जानेवारी २०११ पासून उत्पादकांनी नव्या डिस्क ४,०९६ बाइटांच्या सेक्टरवर नेल्या. जुन्या प्रणाली चालाव्यात म्हणून या डिस्क बाहेरच्या जगाला ‘माझा सेक्टर ५१२ बाइटांचाच आहे’ असे सांगतात आणि आतल्या आत आठ छोटे सेक्टर एका मोठ्या सेक्टरमध्ये बसवतात. एक्सपी हे सांगणे खरे मानते. पण ती पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करते, कारण पूर्वी डिस्कच्या एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरले जात आणि पहिला ट्रॅक मोकळा सोडण्याची रीत होती. ६३ ला ८ ने भाग जात नाही. परिणामी एनटीएफएस या विंडोजच्या फाइल मांडणीचा ४ केबीचा प्रत्येक क्लस्टर (फायली ज्या तुकड्यांत साठतात तो तुकडा) डिस्कच्या दोन मोठ्या सेक्टरांवर अर्धवट पसरतो. असा क्लस्टर लिहायचा झाला की डिस्कला आधी ते सेक्टर वाचावे लागतात, त्यातला हवा तेवढा भाग बदलावा लागतो आणि तबकडीचा पूर्ण फेरा होऊन तीच जागा परत डोक्याखाली येण्याची वाट पाहावी लागते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हा फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. एका नोंदीसाठी ही रक्कम क्षुल्लक आहे, मात्र एका निकालामागे शेकडो लहान नोंदी करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ती क्षुल्लक राहत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

जुनी वापरलेली पाटा डिस्क मिळवून तीवर प्रतिमा उतरवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. आठ-नऊ वर्षे चाललेली दुसरी डिस्क विकत घेणे म्हणजे हाच प्रसंग पुढच्या तारखेवर ढकलणे आहे, असे आम्हाला वाटले.

जुना मदरबोर्ड तसाच ठेवून पाटा-साटा कन्व्हर्टरमधून नवी डिस्क लावणे हा दुसरा पर्याय होता. त्यात डिस्क सोडून काहीच बदलत नसल्याने जुनी प्रतिमा फारशी कुरकुर न करता सुरू होण्याची शक्यता होती. पण मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले आणि आम्ही हा पर्याय तिथेच सोडला. तो इतक्या घाईने सोडायला नको होता, हे पुढे येईल.

संगणकातच आभासी संगणक करून त्यात एक्सपी चालवावी, अशी सूचना सहकाऱ्याने केली. पीसीआय कार्ड थेट आभासी संगणकाच्या हवाली करणे त्या वेळच्या साध्या डेस्कटॉपवर भरवशाचे नव्हते, म्हणून तीही बाजूला ठेवली.

उरला तो मार्ग म्हणजे पीसीआय स्लॉट आणि पॅरलल पोर्ट दोन्ही असलेला नवा मदरबोर्ड, त्यावर नवी साटा डिस्क आणि एक्सपीचे कोरे इन्स्टॉलेशन. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा असा बोर्ड मिळाला आणि त्या चिपसेटसाठी एक्सपीचे ड्रायव्हर उपलब्ध होते. मालकांना आम्ही एक गोष्ट लिहून दिली : एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपणार आहे, त्यामुळे हा संगणक यापुढे कोणत्याही नेटवर्कला जोडायचा नाही.

पहिला प्रयत्न आणि कंट्रोलरचा निर्णय

पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा सेटअपने फायली वाचल्या आणि विंडोज सुरू होण्याच्या टप्प्यावर निळा पडदा आला. कोडच्या शेवटी ‘७बी’ होते, म्हणजे बूट करण्याची डिस्क प्रणालीला सापडली नव्हती. बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सेटिंगमध्ये) साटा कंट्रोलर एएचसीआयवर होता, त्यामुळे हे अपेक्षितच होते.

येथे दोन वाटा होत्या. एनलाइटसारख्या साधनाने सर्व्हिस पॅक ३ आणि एएचसीआय ड्रायव्हर दोन्ही मिसळलेली नवी सीडी तयार करता आली असती, किंवा बायोसमध्ये कंट्रोलर आयडीई या जुन्या पद्धतीवर आणून एक्सपीचा स्वतःचा ड्रायव्हर वापरता आला असता. एएचसीआयचे फायदे या कामासाठी नगण्य होते, कारण येथे एकच डिस्क आणि एकाच वेळी एकच काम चालणार होते. उलट बोर्ड पुन्हा बिघडला तर आयडीई पद्धतीवरची डिस्क दुसऱ्या बोर्डावर सुरू होण्याची आशा अधिक असते. म्हणून आम्ही सर्व्हिस पॅक ३ तेवढा मिसळला आणि आयडीई निवडले. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. फक्त एएचसीआयचा ड्रायव्हर प्रणालीत आधीच घालून ठेवायला हवा होता, कारण पुढे येणाऱ्या बोर्डांवर आयडीईचा पर्याय राहीलच असे नव्हते.

इन्स्टॉलेशन पूर्ण झाले, पण नेहमी पाऊण तासात उरकणाऱ्या कामाला दोन तासांहून अधिक वेळ लागला. आम्ही सीडी ड्राइव्हला दोष दिला आणि पुढे गेलो. कार्ड ओळखले गेले, डोंगल चालला, कॅलिब्रेशनच्या फायली जागेवर ठेवल्या, प्रमाणित नमुन्याचे आकडे बरोबर आले. संध्याकाळी आम्ही काम संपले असे समजून निघालो.

काम संपलेले नव्हते

दुसऱ्या दिवशी केमिस्ट ताईंचा फोन आला. “निकाल बरोबर येतोय, पण सेव्ह होताना पडदा अडकून बसतो. एका हीटला तीन ठिणग्या पाडायच्या म्हणजे प्रत्येक वेळी थांबायचं. जुना संगणक मरायला टेकला नव्हता तेव्हा असं होत नव्हतं,” असे त्या म्हणाल्या. हीट म्हणजे भट्टीतला एका वेळचा धातू.

ही तक्रार महत्त्वाची होती, कारण एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर धातू फार वेळ थांबवता येत नाही आणि मॅग्नेशियमचा परिणाम ओसरू लागतो.

माझा पहिला संशय वेगळ्याच गोष्टीवर गेला. डिस्कशी बोलताना वारंवार चुका झाल्या तर एक्सपी स्वतःहून डीएमए ही डेटा वाहून नेण्याची वेगवान पद्धत सोडून संथ पीआयओ पद्धतीवर उतरते आणि तशीच राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले, तर पद्धत अल्ट्रा डीएमएच होती. केबल बदलली, डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली स्मार्ट नोंद तपासली, काहीच सापडले नाही. यात अर्धा दिवस गेला. मग डिस्क हातात घेऊन लेबल पुन्हा वाचताना ‘ॲडव्हान्स्ड फॉरमॅट’ हे शब्द दिसले आणि पार्टिशन कोठून सुरू होते हे पाहण्याचे सुचले.

ते पाहायला कोणतेही खास साधन लागत नाही. एक्सपीच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’ मध्ये डिस्कच्या माहितीत पार्टिशनचा सुरुवातीचा ऑफसेट (डिस्कच्या आरंभापासूनचे अंतर) बाइटांत दिलेला असतो. तेथे ३२,२५६ हा आकडा होता. तो म्हणजे ६३ गुणिले ५१२. त्याला ४,०९६ ने भागले की ७.८७५ येते, म्हणजे पार्टिशनची सुरुवात एका मोठ्या सेक्टरच्या पोटात झाली होती.

दुरुस्तीचा निर्णय आणि त्यातली चूक

पार्टिशन जागच्या जागी सरकवणारी साधने होती. काही डिस्क उत्पादक ती मोफत देत आणि जीपार्टेड या लिनक्सवरच्या साधनानेही ते करता येत असे. काही सुरुवातीच्या डिस्कवर तर एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून सर्व क्रमांक एकाने पुढे सरकवण्याची सोय होती. त्याने ६३ चा ६४ होतो आणि ६४ ला ८ ने भाग जातो. जंपरचा मार्ग मला धोक्याचा वाटतो, कारण पुढे कोणी तो काढला तर डिस्कवरचे काहीच जागेवर सापडत नाही. पार्टिशन सरकवण्यातही जोखीम असते : एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्ये पार्टिशनच्या आधी किती सेक्टर आहेत याची नोंद असते आणि ती जुनी राहिली तर एक्सपी सुरूच होत नाही. आमच्या डिस्कवर एका दिवसाचेच काम होते. ते काढून घेऊन सगळे पुन्हा नव्याने बसवणे अधिक निर्धोक होते, म्हणून तसे ठरवले.

डिस्क विंडोज ७ च्या एका संगणकाला जोडली आणि तिथे एमबीआर तक्ता करून दोन प्रायमरी पार्टिशन बनवली, पहिले ६० जीबीचे प्रणालीसाठी आणि उरलेले निकालांसाठी. विस्टापासून पुढच्या विंडोज पार्टिशनची सुरुवात २,०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे नेमक्या १ एमबीवर करतात आणि २,०४८ ला ८ ने भाग जातो. दुसरे पार्टिशनही तिथेच करून घेतले, कारण एक्सपीमध्ये नंतर बनवलेले पार्टिशन पुन्हा जुन्या मोजणीनेच पडले असते. एक्स्टेंडेड पार्टिशन मुद्दाम टाळले. नव्या विंडोजने केलेली लॉजिकल पार्टिशन एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून हाताळताना नाहीशी होऊ शकतात.

मग सहकाऱ्याने एक्सपीची सीडी लावली. सेटअपने तयार पार्टिशन दाखवले. अनेक वर्षांच्या सवयीने त्याने ‘डी’ दाबून ते काढून टाकले, ‘सी’ दाबून त्याच जागी नवे केले आणि इन्स्टॉलेशन सुरू केले. कोऱ्या डिस्कवर कोणीही असेच करतो. या वेळी मात्र पहिल्यांदा विंडोज सुरू होताच आम्ही ऑफसेट पाहिला आणि पुन्हा ३२,२५६ दिसले. दोष त्याचा नव्हता. पार्टिशन दुसऱ्या संगणकावर का बनवले हे मी त्याला समजावून सांगितले होते, पण सेटअपच्या पडद्यावर नेमके काय करायचे नाही हे सांगितले नव्हते.

तिसऱ्या वेळी पार्टिशन पुन्हा विंडोज ७ वर बनवले आणि सेटअपमध्ये ते जसेच्या तसे निवडून एंटर दाबले. फॉरमॅट करण्याने सुरुवातीची जागा बदलत नाही, त्यामुळे फॉरमॅट करण्यास हरकत नव्हती. इन्स्टॉलेशन पाऊण तासात झाले आणि ऑफसेट आला १०,४८,५७६. भागाकार बरोबर २५६.

निष्पत्ती

निकाल जतन होताना पडदा अडकणे थांबले. केमिस्ट ताईंनी सलग तीन हीट घेऊन पाहिल्या आणि जुन्या प्रमाणित नमुन्यांवर उपकरणाचे स्टँडर्डायझेशन पुन्हा केले. तयार डिस्कची पूर्ण प्रतिमा घेऊन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि दर महिन्याला कॅलिब्रेशनच्या फायलींची प्रत काढण्याचे काम ताईंनी स्वतःकडे घेतले. पेन ड्राइव्हवरून विषाणू येऊ नये म्हणून ऑटोरन बंद केले. नेटवर्कची केबल संगणकाला कधीच लागली नाही.

सगळे मिळून चार दिवस गेले. त्या काळात नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून ओतकाम चालू ठेवावे लागले. प्रत्येक नमुन्यामागे भट्टी ताटकळत होती आणि एसजी आयर्नच्या हीट तर पुढे ढकलाव्या लागल्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक कन्व्हर्टरचा पर्याय सोडण्याची होती. फुगलेल्या कपॅसिटरचा बोर्ड कायमचा उपाय नव्हता हे खरे, पण तो त्या आठवड्यात चालत होता. वाचवलेली प्रतिमा कन्व्हर्टरमधून नव्या डिस्कवर उतरवली असती, बिघडलेल्या फायलींसाठी एक्सपीचे रिपेअर इन्स्टॉलेशन केले असते, तर पार्टिशन ६३ वरच राहिले असते आणि निकाल संथ जतन झाले असते, तरी पहिल्या संध्याकाळी स्पेक्ट्रो सुरू झाला असता. मग नवा बोर्ड बाजूला ठेवून सावकाश तयार करता आला असता. कायमचा उपाय आणि तात्पुरता उपाय यांची तुलना करून आम्ही एक निवडला. खरे तर दोन्ही एकामागून एक करायचे होते.

दुसरी गोष्ट पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळची. दोन तास लागले तेव्हाच थांबून कारण शोधायला हवे होते. त्या क्षणी डिस्कवर काहीच नव्हते आणि पुन्हा सुरुवात करणे फुकट होते.

तिसरी गोष्ट स्वीकृतीच्या चाचणीची. प्रमाणित नमुन्याचे आकडे बरोबर आले की काम झाले, असे आम्ही धरले. ताईंना बसवून एक पूर्ण हीट, तीन ठिणग्या आणि छापील प्रमाणपत्र असे सगळे करून पाहिले असते, तर अडकणारा पडदा त्याच संध्याकाळी दिसला असता.

डोंगलचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो एकच आहे, त्याची प्रत निघत नाही आणि पॅरलल पोर्ट असलेले बोर्ड दर वर्षी कमी होत आहेत. म्हणून त्याच चिपसेटचा आणखी एक बोर्ड घेऊन, स्पेक्ट्रोचे कार्ड आणि डोंगल त्यावर एकदा चालवून पाहून, तो कारखान्याच्या कपाटात ठेवला आहे. स्पेक्ट्रोच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर कंट्रोलर आयडीईवर ठेवण्याची सूचना आहे, १०,४८,५७६ हा आकडा आहे आणि खाली सहकाऱ्याच्या अक्षरात लिहिले आहे : सेटअपमध्ये पार्टिशन डिलीट करू नये, आहे तेच निवडावे.